पिवळ्या गोळीतली पांढरी माती

विश्रांतवाडीच्या त्या गल्लीत कुणाचं दूध नासलं, कुणाच्या माळ्यावर उंदीर मरून पडला, की सगळ्यांच्या आधी जयाला कळायचं. ती पुस्तकातून मान वर करायची, नाकपुड्या आखडायची आणि म्हणायची, "आई, काहीतरी कुजलंय." सुंदराबाई हातातलं काम टाकून शोधायला लागायच्या. शोधलं की सापडायचंच. "साऱ्या वस्तीत वाटून द्यायचं नाक हिला एकटीला मिळालंय," असं त्या शेजारणींना सांगायच्या. त्यात तक्रार थोडी आणि कौतुक फार.

त्या घरात वासाची भीती पिढीजात होती. जयाचा आजा, म्हणजे सुंदराबाईंचा बाप, गावाकडं मेलेली गुरं ओढायचा. छप्पन साली त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आता गुराला हात लावणार नाही म्हणून गावाला तोंडावर सांगितलं आणि बायकापोरं घेऊन पुण्याला आला. येण्याआधी ओढ्याच्या काठावर त्यानं अंगावरचे कपडे जाळले. म्हातारपणी ओट्यावर बसून तो सांगायचा, "कपडे जळाले, पण वास काय नाकातनं गेला न्हाई. त्या वासातनं तुमाला बाहेर काढलंय पोरांनो. परत शिरू नका." म्हणून त्या घरात एक वेळ साखर संपायची, साबण संपायचा नाही. जयाची वेणी, जयाची वही, जयाचा डबा, सगळं धुतलेलं आणि घासलेलं. ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. आणि फिरून फिरून नोकरी लागली ती वासाच्याच धंद्यात.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. खराडीच्या माळावर एका अंगाला ज्वारी उभी असायची आणि दुसऱ्या अंगाला कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. सकाळी पांढऱ्या बसगाड्यांतून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी यायची आणि थंडगार दारांआड नाहीशी व्हायची. त्या दोन्हींच्या मध्ये एक पत्र्याचा कारखाना होता. तिथं हरभऱ्याएवढ्या पिवळ्या गोळ्या तयार व्हायच्या.

या गोळ्यांचं काम साधं होतं. कुठल्या कारखान्याचा घाण धूर असला, की त्याच्या वाटेत एक लोखंडी पेटी बसवायची आणि ती गोळ्यांनी भरायची. तापलेला धूर गोळ्यांमधून गेला की त्यातली घाण जळून जायची आणि गोळ्या मात्र न जळता तशाच राहायच्या. गोळीवरचा पिवळेपणा व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडचा. घाण जाळायचं काम तो पिवळा लेप करतो. पण लेप काही हवेत बसत नाही, त्याला खाली अंग लागतं. ते अंग पांढऱ्या भुकटीचं. कारखान्यात तिला सगळे मातीच म्हणायचे. एक माती टायटॅनियमची, घराच्या पांढऱ्या रंगात असते ती. दुसरी अॅल्युमिनाची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची. वरून लेप दिला, भट्टीत भाजलं, की दोन्ही गोळ्या सारख्याच पिवळ्या दिसत. पण एकच बियाणं काळ्या रानात आणि मुरमाड माळावर टाकलं, तर दोन्हीकडं उगवलं तरी कणसात दाणा भरेल की नाही ते रान ठरवतं. तसंच हे. वरचा लेप तोच, पण खाली माती कोणती त्यावर तो किती काम करील आणि किती दिवस टिकेल हे ठरायचं.

जयाचं काम तपासणीचं. काचेच्या नळीत मूठभर गोळ्या भरायच्या, नळी तापवायची, एका तोंडानं धूर सोडायचा आणि दुसऱ्या तोंडानं काय बाहेर पडतं ते बघायचं. त्यांचं मोठं गिऱ्हाईक आळंदी रस्त्याच्या पलीकडं होतं. तिथं जुने टायर उकळून, दळून त्यांचं पुन्हा रबर करायचे. टायरमध्ये गंधक असतो, म्हणून त्या धुरातही गंधक. तेव्हा जयाही टायरचे तुकडे चंबूत तापवायची आणि तोच धूर नळीत सोडायची. कुजलेल्या अंड्यात कुणी केस जाळावेत, तसा तो वास. टायटॅनियमच्या गोळ्या त्याला पुरून उरायच्या. पण नळीत शिरण्याआधी थोडा धूर निसटायचाच. तो जयाच्या ओढणीत, केसांत, नखांच्या कडेला जाऊन बसायचा.

तपासणीच्या खोलीबाहेर व्हरांडा होता. दुपारी ऑफिसातल्या बायका तिथं डबे उघडायच्या. हिशेब बघणारी पूर्वा ही त्यांच्यातली पुढारी. तिच्या बोलण्याला धार होती, आणि ती धार आपल्याला शोभते हे तिला ठाऊक होतं. पहिले काही महिने जया त्यांच्यात बसायची. एके दिवशी तिनं वांग्याची भाजी पुढं केली, तर पूर्वानं आपल्या डब्यावर हलकेच झाकण सरकवलं.

"राग मानू नकोस हं जया," ती म्हणाली, "पण तू आलीस की आमची भूकच मरते. डाएटला उत्तम."

बाकीच्या हसल्या. एकजण म्हणाली, "खरंच गं, काय तो वास! अंघोळ करून बसत जा ना."

"दोनदा करते," जया म्हणाली.

"मग तिसऱ्यांदा कर," पूर्वा म्हणाली. "पाणीकपात आमच्याकडे आहे, तुमच्याकडे नसेल."

जया हसली. पुढं केलेली भाजी तिनं मागं घेतली. पूर्वाला टायरचा वास येत होता की आणखी कसला, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती. घरी जाऊन तिनं नखं ब्रशनं इतकी घासली की कडांना रक्त आलं. बंद डोळ्यांपुढं ओढ्याकाठी जळणारे कपडे दिसत होते. तिनं ते कधी पाहिले नव्हते, तरी दिसत होते.

दुसऱ्या आठवड्यात तिनं टायरचे तुकडे डब्यात भरून मागच्या शेडमध्ये ठेवून दिले. चंबूत टोल्युइन भरलं. रंगाच्या थिनरसारखा स्वच्छ, गोडसर वास. गोळ्या घाण जाळतात की नाही ते त्यानंही कळतंच, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिला कुणी विचारलं नाही. दुपारी ती व्हरांड्यात गेली, तेव्हा पूर्वानं नाक उचलून हवा हुंगली आणि म्हणाली, "अरे वा, माणसात आलीस." आणि जया, एवढी शिकलेली, ताठ मानेची जया, त्या वाक्यानं सुखावली. पुढं आयुष्यभर तिला स्वतःची सर्वांत जास्त किळस आली ती त्या सुखावण्याची.

त्याच सुमारास मालकांचा मुलगा विक्रम अमेरिकेतून शिकून आला आणि वडिलांच्या खुर्चीत बसला. त्याला शेजारच्या काचेच्या इमारतीचा हेवा वाटायचा. "तिकडे नुसत्या डोक्यावर कंपनी चालते," तो म्हणायचा, "आणि आपण माती भाजतोय." एका सकाळी त्यानं अॅल्युमिनाच्या गोळ्यांचं पोतं जयाच्या टेबलाजवळ टाकलं.

"टायटॅनियम महाग आहे. हे स्वस्त आहे, हलकं आहे, आणि याच्या पोटात भोकं जास्त. म्हणजे लेपाला जागा जास्त. करेक्ट?"

"जागा जास्त, हे बरोबर," जया म्हणाली. "पण गंधक..."

"टेस्ट करा आणि सांगा. माझं मत, तुमचं मत, कशाला? नळी सांगेल."

नळीनं सांगितलं. टोल्युइनच्या धुरात अॅल्युमिनाच्या गोळ्या झकास चालल्या. थोडी उष्णता जास्त मागत होत्या, इतकंच. त्या धुरात गंधकाचा कणही नव्हता. गंधक ओलसर धुरातून अॅल्युमिनाला खातो, त्याचा सल्फेट करतो, भोकं बुजतात आणि गोळी फुगून फुटते, हे जयानं पुस्तकात वाचलेलं होतं. मागच्या शेडमधला डबा आणायला पन्नास पावलंही चालावं लागलं नसतं. पण डबा उघडला की वास, आणि वास आला की व्हरांडा. तिनं गोळ्या पास केल्या आणि त्या टायरच्या कारखान्यातल्या पेटीत गेल्या.

पावसाळा सरला आणि विश्रांतवाडीत वास आला. सकाळी तुळशीला आणि बोधीवृक्षाच्या कुंडीला एकाच गल्लीत पाणी घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. सुंदराबाईंनी खिडक्या लावल्या, फटीत फडकी कोंबली, तरी वास भाकरीत शिरला. पहिल्याच घासाला त्या मोरीकडं धावल्या. ओकून झाल्यावर भिंतीला धरून म्हणाल्या, "जया, तुझ्या आजाच्या कपड्यांचा असा वास यायचा."

जयानं तो वास ओळखला होता. ताट तसंच सारून ती उठली.

टायरच्या कारखान्यातली पेटी उघडली, तेव्हा आत गोळ्या नव्हत्याच म्हणायच्या. पांढुरक्या पिठाचा लगदा झाला होता आणि त्यात पिवळ्या कपच्या. धूर त्यांना टाळून फटीतून निघून जात होता. तिथल्या मॅनेजरनं विक्रमला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. विक्रमनं त्या रुमालानं घाम पुसत ऐकल्या, आणि परत आल्यावर सगळ्यांना भट्टीपाशी जमवलं.

भट्टीवर भैरू होता. खराडी गावातलाच माणूस, पन्नाशीचा. त्याचं रान बिल्डरकडं गेलं तेव्हा तो या भट्टीवर आला आणि इथंच राहिला. पिवळ्या धुळीत वर्षानुवर्षं उभं राहून, त्या धातूच्या विषानं त्याची जीभ हिरवट झाली होती. कुणी तोंडाला बांधायला फडकं दिलं नव्हतं आणि त्यानं मागितलंही नव्हतं. एके काळी तो दारू प्यायचा, गटारात पडायचा. बायकोनं, शालननं, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आणि तेव्हापासून त्यानं थेंब घेतला नव्हता. हे सारा गाव जाणत होता.

"गोळ्या जास्त भाजल्या गेल्यात," विक्रम म्हणाला. "म्हणून पीठ झालं. भैरू, तू त्या दिवशी शुद्धीत होतास ना?"

"साहेब, काय बोलताय?" भैरू म्हणाला. "मी भट्टी सोडून हाललो बी न्हाय."

"पूर्वी पीत होतास. सगळ्यांना माहीत आहे. लागते कधीकधी परत. घरी जा. काय ते ठरवून कळवतो."

भैरूनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. जयाकडंही बघितलं. तिनं मान खाली घातली. भट्टीचं त्यात काही नव्हतं. गोळी जास्त भाजली तर आक्रसते, कडक होते. फुगून तिचं पीठ होत नाही. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण दुसऱ्या वाक्यानंतर सगळ्यांनी विचारलं असतं, मग चूक कुणाची? भैरूनं खुंटीवरची टोपी घेतली आणि तो माळ तुडवत गावाकडं गेला.

संध्याकाळपर्यंत गावात पोचलं होतं की भैरूनं परत सुरू केली. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात पूर्वा लोणच्याची फोड चोखत म्हणाली, "माणूस सुधारतो वगैरे आपल्या सिनेमात असतं." सगळ्या हसल्या. जयाच्या तोंडातला घास कडू झाला. त्या हसणाऱ्या तोंडांची, तेलकट ओठांची, चोखण्याच्या आवाजाची तिला इतकी किळस आली की तिनं डबा बंद केला. आणि मग तिला उमगलं, की या तोंडांच्या पंगतीत जागा मिळावी म्हणून आपण तो धूर तपासणीतून काढून टाकला होता. एका माणसाचं नाव गटारात गेलं, ते इथं मांडीला मांडी लावून बसता यावं म्हणून.

ती उठली ती सरळ मागच्या शेडमध्ये गेली. टायरच्या तुकड्यांचा डबा आणला. दोन नळ्या शेजारी शेजारी लावल्या, एकीत टायटॅनियमच्या गोळ्या आणि दुसरीत अॅल्युमिनाच्या. लेप एकच, भट्टी एकच, आणि दोन्ही भैरूच्याच हातच्या. चंबूखाली जाळ केला. काम लवकर व्हावं म्हणून धुरात गंधकाची चिमूट चिमूट जाळत राहिली. वास दाराखालून व्हरांड्यात गेला, ऑफिसात गेला, विक्रमच्या थंड खोलीतही गेला. पूर्वा पदर नाकाला लावून दारात आली.

"जया, हे काय चाललंय? आम्ही जेवायचं कुठे?"

"समोर काचेची बिल्डिंग आहे," जया म्हणाली. "तिथं विचार."

तो सबंध पंधरवडा ती त्या धुरात बसली. घरी गेली की सुंदराबाई काही न बोलता पाणी तापवायच्या. पहिले दिवस दोन्ही नळ्या सारख्या चालल्या. मग दुसऱ्या नळीच्या तोंडाशी वास येऊ लागला. आधी पुसट, मग स्पष्ट, मग गुदमरवणारा. शेवटी तिनं दोन्हींतल्या गोळ्या बशीत काढल्या आणि विक्रमच्या टेबलावर ठेवल्या.

विक्रमनं रुमाल नाकाशी धरला. "काय आहे हे?"

"ही दाबा," जया म्हणाली.

त्यानं टायटॅनियमची गोळी चिमटीत दाबली. ती तशीच राहिली.

"आता ही."

दुसरीचं बोटांत पीठ झालं. तो ते पीठ बघत राहिला.

"एकाच भट्टीच्या आहेत दोन्ही," जया म्हणाली. "भैरूदादांची भट्टी बरोबर होती. गंधकानं माती खाल्ली. आणि गंधक लावून तपासायचं काम माझं होतं. मी ते बंद केलं होतं."

"का?"

"वास येतो म्हणून."

विक्रमला आधी कळलं नाही. मग तो खुर्चीत मागं रेलला आणि चक्क हसला. "ओके. बेस्ट. बाहेर कुणाला सांगू नका. टायरवाल्यांना जुन्या गोळ्या भरून देऊ. ही अॅल्युमिना रंगाच्या कारखान्याला जाईल, तिथं गंधक नाही. भैरूला सोमवारपासून बोलवा. झालं ना? सगळे खूश."

"आणि दारूचं?"

"कसलं दारूचं?"

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात."

"मी विचारलं होतं, शुद्धीत होतास का म्हणून. प्रश्न होता तो, मॅडम." बोटांवरचं पीठ त्यानं टिश्यूनं पुसलं आणि टिश्यू टोपलीत टाकला. "लोक विसरतात. चला, मला कॉल आहे."

त्या टोपलीची जयाला टायरच्या धुराहून जास्त किळस आली. ती तशीच, केसांत तो वास घेऊन, खराडी गावाकडं निघाली. रस्त्यात एक पांढरी बस तिच्याजवळून गेली, खिडकीतल्या एका पोरीनं नाक दाबलं. जयानं तिच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भैरूचं घर पिठाच्या गिरणीच्या बोळात होतं. दारात शालन शेंगा फोडत बसली होती. अंगानं वाळकी, नजरेनं कडक. समोरच्या उंबऱ्यावर शेजारीण राधा तांदूळ निवडत होती. जयानं नाव सांगितलं, कारखान्यातनं आले म्हणाली.

"ते न्हाईत घरात," शालन म्हणाली. "नदीकडं गेल्यात. हितं बसून तरी काय करत्यात? मी धड बोलत न्हाय त्येंच्याशी."

"मी तुमच्याशीच बोलायला आले, वहिनी. भैरूदादा त्या दिवशी प्यायले नव्हते. भट्टी बिघडली नव्हती. त्यांना सोमवारी कामावर बोलावलंय."

शालनच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग पीठ कशानं झालं?"

"गोळीच्या आत जी पांढरी माती असते ना, ती चुकीची वापरली. ती त्या धुरात टिकत नाही. ती चालेल असं मी सांगितलं होतं. मी नीट तपासलं नव्हतं."

शालननं ती शेंग फोडली, दाणे बाजूला टाकले. गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. मग ती खालच्या आवाजात बोलली, जयाशी नव्हे, जणू त्या शेंगांशी.

"हे पंधरा दिस मी रोज त्येंच्या तोंडाचा वास घेत हुते. सांजचं दारात उभं करायची आन् म्हनायची, हाऽऽ करा. त्ये करायचे. पोराच्या देखत करायचे. रोज. कायबी येत नव्हतं, बाई. काय म्हंजी कायबी न्हाय. तरी मी म्हनायची, येलदोडा खाऊन आला आसंल."

दारात तोंड उघडून उभा असलेला भैरू जयाच्या डोळ्यांपुढं आला, शेजारी त्याचं पोर आलं. शालननं तिच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि जयाच्या कपड्यांचा वासही तिला आलाच असणार, कारण तिच्या नाकपुड्या हलल्या. पण ती मागं सरली नाही.

"मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "मला सांगितलंत, आता ह्या राधाला सांगा. मोठ्यानं सांगा. गिरनी चालू हाय, ऐकू जायाचं न्हाय."

जया बोळाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गिरणीच्या दारात रांगेला बायका होत्या, त्यांनी माना वळवल्या. इतक्या लोकांसमोर इतक्या मोठ्यानं ती आयुष्यात बोलली नव्हती.

"भैरूदादांची भट्टी बरोबर होती! चूक माझी होती! माल मी पास केला होता, मी!"

राधानं सुपातला हात थांबवला. "म्हंजी प्याला न्हवता व्हय गं?"

"न्हवता," शालन म्हणाली, आणि नदीच्या वाटेकडं चालू लागली.